रात्रीच तुटणारं डायलअप: उबुंटू ८.०४ आणि वावरातली झटका मशीन

२००८ मधे आमच्या गावात इंटरनेट म्हणजे डायलअपच, साध्या फोनच्या लाईनवरून नंबर लावून जोडायचं. गाव सेलू तालुक्यातलं, वर्धा जिल्हा, हिंगणीवरून बोर धरणाकडे जाताना लागतो तो पट्टा. ब्रॉडबँड तालुक्याच्या गावी पोचलं होतं पण आमच्या एक्स्चेंजला नव्हतं, आमचं एक्स्चेंज म्हणजे ग्रामपंचायतीजवळच्या एका खोलीत ठेवलेली सी-डॉट या सरकारी संस्थेची २५६ पोर्टची रॅक्स, खेड्यासाठीची ऑटोमॅटिक एक्स्चेंज मशीन. या मशीनबद्दल मला मनापासून आदर आहे, १९८६ मधे कर्नाटकातल्या कित्तूरला पहिली बसली आणि एसीशिवाय चालावी अशीच बनवलेली, म्हणून तर विदर्भाच्या मे महिन्यात पण खेड्यातले फोन चालू राहायचे. तर फोन होता, कॉम्प्युटर होता, झेरॉक्स-डीटीपीचं छोटं दुकान होतं, आणि लोक यायचे कापसाचे भाव पाहायला, बारावीचा निकाल पाहायला, नोकरीचे फॉर्म काढायला. विंडोजमधे व्हायरसनी इतका धुमाकूळ घातला होता की प्रत्येक पेन ड्राइव्ह लावला की काहीतरी नवीन निघायचं. म्हणून उबुंटूची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची, फुकट सीडी मागवली होती, तेव्हा शिपइट म्हणून योजना होती, पत्ता टाकला की कंपनी पोस्टानी सीडी घरपोच पाठवायची, एक पैसा लागत नव्हता. पोस्टमन काकांनी ८.०४ ची सीडी आणून दिली, टाकली, सगळं चाललं, आवाज, प्रिंटर, मराठी फॉन्ट सगळं. फक्त मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरला फोनच्या लाईनवर बोलायला लावणारं यंत्र, ते नाही.

हे सविस्तर लिहून राहिलो कारण डायलअप चालत नाही म्हटलं की लोक लगेच "लिनक्समधे नाही चालत ते" म्हणून मोकळे होतात. डायलअप ही एक गोष्ट नाही. कॉम्प्युटर मोडेमशी बोलतो का, मोडेमला लाईनचा टोन कळतो का, पलीकडचा मोडेम आणि आपला एकमेकांना समजतात का, मग पीपीपी म्हणजे युजरनेम-पासवर्ड आणि आयपी (नेटवरचा आपला पत्ता), मग रस्ता म्हणजे राउट, आणि शेवटी नावावरून पत्ता शोधणं म्हणजे डीएनएस. यातलं कुठलंही एक तुटलं तरी ब्राउजरमधे दिसते एकच, पेज उघडत नाही. आणि लिनक्सची खरी ताकद इथं आहे की तो प्रत्येक टप्प्यावर काय झालं ते लॉगमधे, म्हणजे नोंदींच्या फाइलमधे, लिहून ठेवतो, वाचायची तयारी पाहिजे.

पहिला टप्पा. कॉम्प्युटरमधे आतच पीसीआय कार्डवाला मोडेम होता. आतली कार्डं दाखवणारी एलएसपीसीआय कमांड दिली तं कार्ड दिसत होतं पण डायल करायला पोर्टच नाही. याला विनमोडेम म्हणतात. म्हणजे कसं, जुन्या खऱ्या मोडेममधे आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करायची चिप आतच असायची, कॉम्प्युटरला फक्त सीरियल पोर्टवरून हुकूम द्यायचा. विनमोडेममधे कंपन्यांनी पैसे वाचवायला ते काम काढून टाकलं आणि कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर टाकलं, ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी. स्कॅनमोडेम नावाची एक स्क्रिप्ट मिळायची, ती चालवली की तुमच्या कार्डावर कोणती चिप आहे आणि तिच्यासाठी लिनक्समधे काही आहे का ते सांगायची. आमच्या चिपसाठी ड्रायव्हर होता, पण फुकटचा होता तो १४.४ केबीपीएसच्या वर जात नव्हता, पूर्ण वेग पाहिजे तर पैसे भरा. आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागते, म्हणजे तालुक्याच्या कॅफेत जा, पेन ड्राइव्हवर आणा, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) व्हर्जनशी जुळलं नाही तं परत जा. बरेच जण इथंच थकतात आणि त्यांना मी दोष देत नाही.

मी सरळ नागपूरला बर्डीवर जाऊन सेकंडहँड बाहेरचा सीरियल मोडेम घेतला. ५६के, व्ही.९२, मागं नऊ पिनांची केबल, समोर लाल दिव्यांची रांग. ज्याला आजही जुन्या मशीनवर डायलअप किंवा फॅक्स चालवायचं असेल त्याला मी हेच सांगीन, विनमोडेमच्या मागं जीव काढण्यापेक्षा सीरियलवाला घ्या, त्याला ड्रायव्हर लागतच नाही. डीमेसेजमधे, म्हणजे कर्नलच्या नोंदीत, पाहिलं, सीरियल पोर्ट दिसला: टीटीवायएस झीरो, पत्ता ३एफ८, आयआरक्यू ४, १६५५०ए. म्हणजे विंडोजमधला कॉम-१ तोच इथला टीटीवायएस झीरो. डब्ल्यूव्हीडायल हा नंबर लावायचा प्रोग्राम, त्याची सेटिंग करणारं डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ चालवलं, त्यानी पोर्ट तपासले, एटी कमांड म्हणजे मोडेमचे हुकूम पाठवले, समोरून ओके आलं. कॉम्प्युटर आणि मोडेमचं बोलणं सुरू.

दुसरा टप्पा लवकर सुटला पण समजून घेण्यासारखा आहे. डायल केलं की "नो डायलटोन". रिसीव्हर उचलून ऐकलं तं टोन बरोबर येत होता. आपल्याकडचा डायलटोन ४०० हर्ट्झचा, त्यावर २५ हर्ट्झची थरथर असते, म्हणून तो थोडा खरखरीत ऐकू येतो. अमेरिकेतला वेगळा, ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून. मोडेम तिकडच्या सेटिंगवर असला की आपला टोन त्याला टोन वाटतच नाही. उपाय एवढाच की इनिटच्या ओळीत, म्हणजे मोडेमला सुरुवातीलाच द्यायच्या हुकुमात, एटीएक्स३ टाकायचं, म्हणजे टोनची वाट न पाहता डायल कर पण बिझी टोन मात्र ओळख. झालं. १७२ पासून सुरू होणारा नंबर लागला, मोडेमच्या स्पीकरमधून ती ओळखीची किर्र-खर्र सुरू झाली, कनेक्ट.

आता तिसरा. कनेक्ट झाल्यावर डब्ल्यूव्हीडायल म्हणते "वेटिंग फॉर प्रॉम्प्ट", पलीकडून लॉगिन विचारतील म्हणून वाट पाहते. पलीकडून कोणी विचारतच नाही, कारण तेव्हा बहुतेक ठिकाणी सरळ पीपीपीमधेच पॅप पद्धतीनी नाव-पासवर्ड घ्यायचे. वाट पाहून पाहून शेवटी प्रोग्राम लिहितो "डोन्ट नो व्हॉट टू डू! स्टार्टिंग पीपीपीडी अँड होपिंग फॉर द बेस्ट", आणि तोवर समोरचा फोन ठेवून मोकळा. कॉन्फिग फाइलमधे "स्टुपिड मोड = १" लिहिलं की वाट न पाहता लगेच पीपीपी सुरू होते. आणि डब्ल्यूव्हीडायल सुडो लावून चालवा, नाहीतर पॅप-सीक्रेट्स फाइलमधे पासवर्ड लिहिता येत नाही आणि एक्झिट कोड १९ येते. हे कोड लक्षात ठेवा, पुढं कामी पडतात. पीपीपीडी, म्हणजे पीपीपी चालवणारा प्रोग्राम, मरताना एक आकडा सांगून मरते: १९ म्हणजे तुमची ओळख पटली नाही, १६ म्हणजे मोडेमनी लाईन सोडली, १५ म्हणजे लाईन आहे पण पलीकडून उत्तर येणं बंद झालं.

आयपी मिळाला, डीएनएसचे दोन पत्ते मिळाले, सगळं हिरवं, आणि तरी काहीच उघडेना. आयपी पत्त्याला पिंग केलं तरी नाही, म्हणजे डीएनएसचा विषयच नव्हता. राउट डॅश एन मारलं आणि दिसलं, डीफॉल्ट राउट, म्हणजे नेहमीचा बाहेर जायचा रस्ता, ईथ झीरोवर म्हणजे नेटवर्क कार्डावर होता. चुलतभावाचा लॅपटॉप माझ्या मशीनला क्रॉस केबलनी जोडून गाणे-फोटो इकडचे तिकडे करत होतो, त्यासाठी नेटवर्क कार्डाला आयपी दिला होता आणि सोबत गेटवे (बाहेर जायच्या दरवाजाचा पत्ता) पण भरला गेला होता. पीपीपीडीचा स्वभाव असा की आधीपासून डीफॉल्ट राउट असला तं तो त्याला हात लावत नाही, लॉगमधे फक्त लिहितो की असलेला राउट बदलत नाही, आणि सगळी रहदारी त्या क्रॉस केबलमधे जाऊन पडते. गेटवेची ओळ काढून टाकली, परत डायल केलं, ॲगमार्कनेट ही बाजारभावांची सरकारी साईट उघडली. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, कापसाचे भाव समोर. दुकानात बसलेले दोघं-तिघं उठून स्क्रीनजवळ आले.

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. पण खरा त्रास इथून सुरू झाला आणि त्याच्यासाठीच हे सगळं लिहून राहिलो.

दिवसा कनेक्शन छान. पण दिवसा लाईटच नसायची, त्या वर्षी ग्रामीण भागात भारनियमन किती तास होतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही. काम असायचं रात्री, आणि रात्री जेवणानंतर बसलं की पाच मिनिटात तुटे, परत लावा, परत तुटे. कधी कधी तर आयपी मिळायच्या आधीच. गावात एकानी सांगितलं लिनक्स काढून टाक, कॅफेवाल्या भाऊनी सांगितलं मोडेम सेकंडहँड घेतला ना मग असंच होणार, कोणी म्हणे रात्री सगळे नेटवर बसतात म्हणून लोड येते. सगळ्यांनी मनानी सांगितलं, पण पाहिलं कोणी नव्हतं.

सिसलॉग, म्हणजे सिस्टिमचा लॉग, उघडला. तुटण्याची कारणं दोनच दिसली, बहुतेक वेळा १६, अधूनमधून १५, आणि १५ च्या आधी "नो रिस्पॉन्स टू ४ इको-रिक्वेस्ट्स", चार हाका मारल्या, उत्तर नाही. म्हणजे पासवर्ड नाही, राउट नाही, सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही, मोडेमलाच पलीकडचा आवाज ऐकू येईना झाला होता. तरी लोकांचं समाधान व्हावं आणि माझंही व्हावं म्हणून चुलतभावाचा विंडोजवाला लॅपटॉप त्याच मोडेमला, त्याच लाईनला, त्याच वेळी लावला. तोही तसाच तुटला. लिनक्स त्या क्षणी सुटला आरोपातून. मग लाईट आल्यावर व्होल्टेज कमी-जास्त होते म्हणून मोडेमचा ॲडॉप्टर कारण असेल का ते पाहिलं. एका रविवारी दुपारी लाईट होती तेव्हा लावून ठेवलं, तासभर हललं नाही. म्हणजे लाईटचा पण दोष नाही. दोष रात्रीचा होता.

सिसलॉगमधल्या वेळा कागदावर उतरवल्या तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. साडेआठच्या आधी तुटल्याची नोंद जवळपास नाहीच, साडेआठनंतर सुरू, आणि सकाळी सहानंतर परत बंद. इतकं घड्याळ लावून तुटणारं काहीतरी माणूसच चालू-बंद करत असला पाहिजे.

मग मोडेम बाजूला ठेवला आणि साधा फोन उचलला. डायलटोन असताना काही कळत नाही, म्हणून एक आकडा दाबला, टोन गेला, लाईन शांत झाली, आणि कान देऊन ऐकलं.

टक्.

टक्.

टक्.

सेकंदाला एक. हलका, पण अगदी एकसारखा. बोलताना कोणाच्या लक्षात येणार नाही, माणसाचा कान असा आवाज सोडून देते. मोडेम सोडत नाही, त्याच्यासाठी तो प्रत्येक टक् म्हणजे वाचत असलेल्या अक्षरावर पडलेला डाग. तो चुकलेलं परत मागवते, मग वेग कमी करते, मग लाईन नव्यानं जुळवायला घेते ज्याला रीट्रेन म्हणतात, आणि त्यातही टक् पडला की सोडून देते.

सेकंदाला एक टक् म्हटल्यावर आमच्या भागातल्या माणसाला दुसरं काही आठवतच नाही. झटका मशीन. बोरचं जंगल लागून, रानडुकरं आणि रोही (नीलगाय) रात्रीतून अख्खी तूर, चना, सोयाबीन साफ करतात. म्हणून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बारीक तार ओढून बॅटरीवरची मशीन लावतात, ती आत वीज साठवते आणि सेकंदाला एकदा काही हजार व्होल्टचा झटका सोडते, पण सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ, म्हणून जनावर दचकून पळते, मरत नाही. (खांबावरची लाईन सरळ तारेत सोडणारे लोक पण आहेत, तो गुन्हा आहे आणि त्याच्यानी माणसं मेली, वाघ मेले. ते करू नका, कितीही नुकसान होत असलं तरी.) आमच्या घराला येणारी फोनची तार ज्या खांबांवरून येते ते खांब मोठेबाबांच्या वावराच्या धुऱ्यानी येतात, आणि मोठेबाबांनी त्याच पावसाळ्यात मशीन लावली होती.

त्याच रात्री गेलो त्यांच्याकडं. जेवून पडवीत बसले होते.

"मोठेबाबा, दहा मिनिटं मशीन बंद करता का?"

"काहून रे? डुकरं येतीन ना."

"दहाच मिनिटं. मी फोन ऐकून पाहतो घरी, आवाज गेला का ते."

"फोनचा आन् डुकराच्या मशीनचा काय संबंध?"

"तेच तं पाहायचं आहे."

हसले नाही, चिडले नाही, टॉर्च हातात घेऊन निघाले वावराकडं, मी घराकडं. फोन कानाला लावून बसलो. टक्, टक्, टक्, आणि मग काहीच नाही. लाईन स्वच्छ. थोड्या वेळानी परत टक् सुरू झालं तेव्हा मला कळलं की त्यांनी मशीन चालू केली.

कारण कळलं, पण मशीन तर बंद ठेवता येत नाही, ते पीक आहे. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या लाइनमन भाऊला चहाला बोलावून सगळं सांगितलं. त्याला पटायला वेळ लागला नाही, तो म्हणाला, "जोडी सारखी असली तं आवाज येत नाही, एक पाय कच्चा असन." हे नीट समजून घ्या कारण सगळी गुरुकिल्ली इथं आहे. फोनच्या दोन तारा असतात. बाहेरून काही घुसलं तर ते दोन्ही तारांत सारखं घुसते, आणि फोन किंवा मोडेम फक्त दोघींमधला फरक ऐकते, म्हणून सारखं घुसलेलं ऐकूच येत नाही. पण एका तारेचं इन्सुलेशन गेलं असेल, जॉइंटला गंज आला असेल, तर फरक पडतो आणि बाहेरचा आवाज आत येतो. म्हणजे दोष दोन ठिकाणी होता, झटका बाहेर पसरत होता आणि आमची लाईन त्याला आत घेत होती. दोन्ही नसते तर काहीच झालं नसतं.

खांबावर चढून त्यानी जॉइंट काढला. तारा पिळून वर साधी चिकटपट्टी गुंडाळलेली, आत पावसाचं पाणी, एक तार हिरवी पडलेली. नवीन जॉइंट केला, घरातला रोझेट (भिंतीवरची फोनची डबी) बदलला, मी त्यातून काढलेली जास्तीची समांतर वायर जी माजघरातल्या दुसऱ्या फोनला जात होती ती काढून टाकली. मशीनच्या बाजूनं मी आणि मोठेबाबा फिरलो पूर्ण धुऱ्यानी. पावसानं गवत वाढून खालच्या तारेला लागलं होतं, जागोजागी झटका गवतातून जमिनीत उतरत होता. आणि मशीनचा अर्थिंगचा गज फोनच्या खांबाच्या अगदी पायाशी ठोकला होता, कारण तिथं जमीन ओली आणि गज सहज गेला. तो उपटून विहिरीकडच्या बाजूला, खांबापासून लांब, दोन गज जोडून ठोकले. गवत कापलं. मोठेबाबांचा फायदा असा झाला की तारेतला झटका वाढला, आधी गवतच तो खाऊन टाकत होतं.

रात्री ऐकलं. टक् पूर्ण गेला नव्हता पण इतका बारीक की कान लावून शोधावा लागे. बाकीचं मोडेमला समजावलं. एस१० नावाचं रजिस्टर असते, आवाज हरवल्यावर किती वेळ थांबून फोन ठेवायचा ते ठरवते, ते सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, नेहमी १४ म्हणजे दीड सेकंदापेक्षाही कमी असते, मी एस१०=५० केलं, पाच सेकंद. आणि एटी प्लस एमएस कमांडनी मोडेमला व्ही.३४ या कमी वेगाच्या पद्धतीवर बांधलं, म्हणजे ५६के च्या मागं धावूच नको. आमच्या लाईनवर ५६के कधी मिळतच नव्हतं, वरच्या वेगानं जोडायचा प्रयत्न करून धडपडण्यापेक्षा २८,८०० वर स्थिर राहिलेलं कधीही चांगलं. खरा वेग पाहायचा असेल तर एटीडब्ल्यू२ टाका, नाहीतर कनेक्टच्या पुढं ११५२०० दिसते आणि तो वेग कॉम्प्युटर ते मोडेमचा असतो, लाईनचा नाही, त्या आकड्यावर खूश होऊन कित्येक जण फसलेले पाहिले.

त्यानंतर रात्री फॉर्म भरता येऊ लागले, उबुंटूचे अपडेट रात्रभर लावून ठेवता येऊ लागले. शेजारच्या गावातल्या एका मास्तरांचं पण असंच रात्री तुटत होतं, त्यांना विंडोज होतं, त्यांना फोनवरच सांगितलं की आधी एक आकडा दाबून लाईन ऐका. त्यांचा टक् दुसऱ्याच्या वावरातल्या मशीनचा निघाला, तिथं पण अर्थिंगचा गज फोनच्या खांबाजवळ होता. गज हलवल्यावर सुटलं. आमच्याकडं मात्र दर पावसाळ्यात पोळ्याच्या आसपास आवाज परत वाढायचा, तेव्हा मोडेमकडं न पाहता आधी इळा घेऊन धुऱ्यावर जायचं आणि खालच्या तारेचं गवत कापायचं.